थोरल्याला दुधाची अंघोळ

माझ्या वडिलांना लोक देवमाणूस म्हणायचे. अजूनही म्हणतात. परवा एका लग्नात एक म्हातारे गृहस्थ मला ओळखून जवळ आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अण्णांची मुलगी ना तुम्ही? काय देवमाणूस होता!" मी हसले, मठ्ठ्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि तिथून सरळ बाहेर पडले. साठी उलटली तरी तो शब्द ऐकला की माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. एखाद्याला देव म्हटलं की त्याला काही विचारायचं नसतं, ही त्यातली खरी सोय आहे. आमच्या घरात असे दोन देव होते. एक अण्णा आणि दुसरा एक दोर. दोघांनाही जाब विचारायला मी उशीर केला, आणि त्या उशिरापायी दामूकाकांचा पाय गेला. हे प्रकरण मी राग निवल्यावर लिहीन असं बरीच वर्षं म्हणत होते. तो काही निवत नाही, तेव्हा आहे तसाच लिहिते.

आमचं घर गुदामाच्या डोक्यावर होतं. सातपूरच्या कारखान्यांच्या कडेला, पत्र्याच्या लांबलचक शेडवर विटांच्या तीन खोल्या चढवलेल्या. खाली लोकांचं सामान, वर आम्ही. अण्णांचा धंदा बिऱ्हाडं हलवण्याचा. कारखान्यातल्या कुणा साहेबाची बदली झाली की आमची माणसं त्याचं घर उचलायची, आणि नव्या गावी जागा मिळेपर्यंत ते सामान आमच्याकडे पडून राहायचं. त्यामुळे मी वाढले ती दुसऱ्यांच्या पलंगांवर उड्या मारत आणि दुसऱ्यांच्या आरशांत वेणी घालत. काचसामान बांधायला भाताचा पेंढा लागायचा, तो घोटीकडून गाड्या भरून यायचा. त्याची बारीक कुसळं जिन्यावरून वर यायची, अंथरुणात सापडायची, कधी कधी वरणातसुद्धा. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की पाठोपाठ खाली ट्रकचा फाळका धाडकन पडायचा आणि आई गवती चहा घातलेलं मोठं पातेलं स्टोव्हवरून उतरवायची. बारा माणसांचा चहा. दुपारी त्यांच्या भाकऱ्यांबरोबर आमच्याकडची एक उसळ असायची, बहुतेक मटकीची, वरून कच्चा कांदा. माणसं ताटाला हात लावण्याआधी वर बघून "वहिनी, जेवतो" म्हणायची. हे सगळं खरं होतं, अण्णांनी लावलेली ही रीत होती, आणि ती चांगलीच होती. म्हणूनच बाकीचं सांगताना मला जास्त चीड येते.

दामूकाका घोटीजवळच्या एका गावचे. घरी दोन-तीन तुकडे भाताचे, पण ते वर्षभर पुरायचे नाहीत, म्हणून तरुणपणीच आमच्याकडे आले आणि राहिले. बुटके, रुंद पाठीचे, कमी बोलणारे. त्यांचं काम गाठी मारायचं. कपाट असो, पियानो असो, कारखान्याचं यंत्र असो, त्याला दोर कुठून घालायचा, किती वेढे द्यायचे आणि गाठ कुठे बसवायची हे दामूकाका ठरवायचे आणि मग बाकीचे हात लावायचे. मी शाळेत असताना माझ्या रिबिनीवर त्यांनी मला गाठी शिकवल्या होत्या. "गाठ अशी मार ताई," ते म्हणायचे, "का वझ्याला ती सुटाय नको आन माणसाला ती सोडता यावी." त्यांच्या गाठीला बैल जुंपला तरी ती आवळतच जायची, आणि त्यांनी अंगठ्याने एका ठरावीक जागी दाबलं की दोर मुकाट मोकळा व्हायचा. मला ती जागा कधीच सापडली नाही. भाताची काढणी झाली की ते गावाहून परतताना आईसाठी नव्या तांदळाची पिशवी आणायचे आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवून कामाला लागायचे.

आता तो दोर. त्याला सगळे थोरला म्हणायचे. अंबाडीचा, दोन अंगठ्यांएवढा जाड, काळपट. अण्णा तरुण असताना त्यांनी रविवार कारंजावरच्या एका व्यापाऱ्याची लोखंडी तिजोरी दुसऱ्या मजल्यावरून याच दोराने खाली उतरवली होती. ती उतरली, खालच्या फरशीला चरासुद्धा गेला नाही, आणि त्या दिवसापासून अण्णांचं नाव झालं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या तिजोरीचा रंगही सांगेन. तेव्हापासून थोरला हा नुसता दोर राहिला नाही. तो एका शिसवी पेटीत असायचा. रोजच्या कामाला साधे दोर, आणि वजन खूप असलं किंवा गिऱ्हाईक मोठं असलं की अण्णा म्हणायचे, "थोरला काढा." मग माणसं त्याला हात लावून तो हात कपाळाला लावायची. म्हणजे जो दोर सगळ्यांत जुना, तोच सगळ्यांत जड वजनाला. तेव्हा आमच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

अण्णांचा आणखी एक अभिमान होता. "आमचं सामान जमिनीला टेकताना आवाज करत नाही," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. आवाज का होत नव्हता? कारण वरून वजन उतरत असताना खाली माणसं उभी राहायची आणि ते हातावर झेलायची. बरोबर त्याच्या खाली. डोक्यावर काही नाही, हातात काही नाही, पायात झिजलेल्या चपला. एका नव्या माणसाने एकदा हातमोजे मागितले तर यशवंता, जो वर दोर धरायचा, तो म्हणाला, "का रे, मेंदी काढलीय काय हाताला?" सगळे हसले. तो माणूसही हसला आणि पुन्हा कधी मागितले नाहीत. अण्णाही हसले होते. मीही.

खंडेनवमीला थोरल्याची पूजा असायची. ट्रक, ढकलगाड्या, पहारी, सगळं धुऊन पुसून ओळीने मांडलेलं, शेतकरी बायका दारावर येऊन देऊन जायच्या त्या झेंडूच्या माळा, आणि मधोमध पाटावर थोरला. त्याला अंघोळ घालायचं काम घरातल्या लग्न न झालेल्या मुलीचं, म्हणजे माझं. पितळी घंगाळात दूध आणि पाणी घ्यायचं, थोरल्याचं वेटोळं त्यात बुडवायचं, हाताने चोळायचं, मग तेल लावायचं, वर हळद-कुंकू, शेंदूर, माळ. आई गुळाचा सांजा करायची आणि अण्णा प्रत्येक माणसाच्या द्रोणात तो स्वतःच्या हाताने वाढायचे. आरती झाली की थोरला लगेच पेटीत. उन्हात टाकायचा नाही, कारण पूजेची वस्तू पायदळी येता कामा नये. त्याच्यासोबत नारळ आणि सांज्याचा एक द्रोण. झाकण बंद. दुधाने भिजलेला, तेलाने माखलेला दोर, बंद पेटीत, वर उंदरांना जेवण. दर वर्षी. कुठल्या शत्रूने मुद्दाम ठरवलं असतं तरी दोर कुजवण्याची याहून चांगली युक्ती त्याला सुचली नसती. आम्ही ती भक्तीने केली. आणि हात माझे होते.

मी एकोणीस वर्षांची होते त्या खंडेनवमीला दामूकाकांनी पेटी उचलून बाहेर आणली आणि झाकण उघडलं. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून मला म्हणाले, "ताई, वास घे." आंबट वास होता, नासलेल्या दुधाचा. मी थोरला घंगाळात घेतला, चोळू लागले, आणि एका जागी माझं बोट पिळाच्या आत गेलं. अगदी सहज, शिळ्या भाकरीत जावं तसं. बाहेर आलं ते काळ्या भुशाने माखून. मी दामूकाकांकडे बघितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "आतून मेलाय त्यो. मी सांगितलं तं म्हणतील, दामू भ्याला. म्हातारा झाला. तू सांग, तुझं ऐकतील मालक."

मी सांगितलं. लगेच, हात न धुता, बोटावरचा भुसा दाखवून. अण्णा सोवळं नेसून आरतीची तयारी करत होते. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलंसुद्धा नाही. "तुझ्या जिभेला काही हाड?" ते म्हणाले. "आजच्या दिवशी थोरल्याला नावं ठेवतेस? याच्यावर जेवतेस तू. जा, कुंकू घेऊन ये." मी गेले आणि कुंकू घेऊन आले. जिथे बोट आत गेलं होतं तिथेच मी शेंदराचा जाड लेप दिला, कारण तिथला काळेपणा पूजेत वाईट दिसत होता. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे, पण त्यातलं बाकी सगळं मला माफ करता येतं.

मागच्याच आठवड्याची गोष्ट सांगते. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं. कंपनीचं नाव छापलेले छान टी-शर्ट घातलेली माणसं, मोबाइलवर सगळा हिशेब. लिफ्ट बंद होती. त्यातल्या एकाने फ्रिज पाठीवर घेतला, कपाळाला एक पट्टा, पायात रबरी स्लिपर, आणि ओल्या जिन्यावरून चढायला लागला. मी दार उघडून ओरडले, "खाली ठेव तो आधी!" त्यांचा सुपरवायझर म्हणाला, "आजी, रोजचं काम आहे त्यांचं." रोजचं आहे म्हणूनच म्हणते, गाढवा! आणखी दोघा माणसांना मदतीला खाली बोलवायला लावलं, जिना पुसून घेतला, तोवर मी जिन्यात खुर्ची टाकून बसले. फ्रिजची मालकीण मला वेडी समजली असणार. समजू दे. वेळेवर ओरडायला मला चाळीसेक वर्षांचा सराव झालाय, फक्त ज्या दिवशी ओरडायला हवं होतं त्या दिवशी तो नव्हता.

तो दिवस दिवाळीच्या थोडा आधीचा. गंगापूर रोडवरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका बड्या साहेबांचं बिऱ्हाड उतरवायचं होतं. त्यांचं एक सागवानी कपाट होतं, पूर्ण उंचीच्या आरशाचं, आणि ते जिन्याच्या वळणात बसेना. ते गॅलरीतून सोडायचं ठरलं. साहेब मोठे, कपाट जड, तेव्हा अण्णांनी थोरला आणायला लावला. कॉलेजला सुट्टी लागली होती आणि सामानाची यादी करायला मी अण्णांबरोबर जायची, म्हणून मी वर गॅलरीतच होते. दामूकाकांनी कपाटाभोवती थोरला फिरवला, गाठ बसवली, मग दोरावरून अंगठा फिरवत आले आणि एका जागी थांबले. शेंदूर अजून होता तिथे. आमची नजरानजर झाली. मी म्हणाले, "काका, नायलॉनचा घ्या ना." त्यांनी गॅलरीतून खाली बघितलं. खाली अंगणात अण्णा साहेबांना आणि त्यांच्या बायकोला तिजोरीची गोष्ट सांगत उभे होते, हात उंच करून करून. "आता कुठं बदलू ताई," दामूकाका म्हणाले, "मालकानं यालाच हात लावून दिलाय." आणि झेलायला खाली गेले, कारण त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातावर अण्णांचा भरवसा नव्हता.

मी वरून ओरडायला हवं होतं. नुसतं "अण्णा, हा दोर कुजलाय" एवढंच. चारचौघांत त्यांचा पाणउतारा झाला असता, त्यांनी मला घरी जाऊन फोडून काढलं असतं, आणि दामूकाका दोन पायांवर चालत राहिले असते. मी यादीत लिहिलं, "सागवानी कपाट, एक." यशवंता आणि आणखी दोघं दोर सोडत होते. "सोड ये... सोड ये... धर... सोड ये..." ती हाळी अजून माझ्या कानात आहे. कपाट दुसऱ्या मजल्याखाली गेलं, आरशात समोरच्या गुलमोहराची फांदी दिसत होती, आणि मग एक आवाज झाला. मोठा नाही. जुनं धोतर टरकावं तसा. दोर उसळून वर आला आणि यशवंता पाठीवर पडला. त्यानंतरचा आवाज मात्र पुऱ्या गल्लीने ऐकला. त्या दिवशी आमचं सामान जमिनीला टेकताना आवाज झाला.

मी खाली पोचेपर्यंत चौघांनी कपाट उचललं होतं. दामूकाका काचांमध्ये उताणे पडले होते आणि त्यांचा उजवा पाय जिथे असायला हवा तिथे नव्हता, म्हणजे होता, पण उलटा होता. ते ओरडत नव्हते. माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, काचा हायेत. चप्पल घाल." मी अनवाणी धावत आले होते.

संध्याकाळी घरात, माणसं खाली जमलेली असताना, अण्णा पहिल्यांदा ते वाक्य बोलले. "गाठ सुटली." ते रडत होते, हे मी लपवणार नाही. डोळे पुसत म्हणाले, "दामूची गाठ सुटली. वय झालं त्याचं. मीच त्याला आधी बसवायला हवं होतं." यशवंता मान खाली घालून म्हणाला, "व्हय मालक, गाठच सुटली." मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. थोरला तुटला असं म्हणण्यासाठी आमच्या गुदामात कुणाला तोंडच नव्हतं. थोरला तुटूच शकत नव्हता, मग दुसरं काय होणार? मी म्हणाले, "अण्णा, मी बघितलंय." ते म्हणाले, "तू घाबरली होतीस." पुढचे तीन दिवस घरात, दारात, किराणा दुकानात हेच चाललं. दामूची गाठ सुटली, बिचारा. खोटं कसं मुरतं ते मी तेव्हा पाहिलं. तिसऱ्या रात्री अंथरुणात पडून मी स्वतःलाच विचारत होते, खरंच दोर तुटताना पाहिला का मी, की तसं वाटलं?

चौथ्या दिवशी सकाळी अण्णांनी माझ्या हातात एक जड कापडी पिशवी दिली. दुपारी कामगार खात्याचे साहेब चौकशीला यायचे होते. अण्णा हात जोडून, पिशवीला नमस्कार करून म्हणाले, "थोरल्याला गंगेवर ने आणि नदीत सोडून ये. पूजेतली वस्तू आहे, कचऱ्यात जाता कामा नये." मग माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले, "साहेबांनी विचारलं तर नायलॉनचा दोर होता. गाठ सुटली. तू यादी करत होतीस, तू काही बघितलं नाहीस." आईने जाताना माझ्या दुसऱ्या हातात एक डबा दिला. "दामूभाऊंना पेज केलीय, त्यांच्याच तांदळाची. गंगेवर जायच्या आधी दवाखान्यात देऊन जा." पेज येतानाही देता आली असती. जायच्या आधी दे असं ती का म्हणाली, तिला सगळं कळत होतं की नव्हतं, ते मी तिला कधी विचारलं नाही. गप्प राहून मदत करण्याचाही मला रागच येतो, पण त्या दिवशी तीही नसती तर काय झालं असतं कोण जाणे.

सरकारी दवाखान्यात दामूकाका खिडकीजवळच्या खाटेवर होते. पांघरुणाचा उंचवटा एका बाजूला गुडघ्याच्या वरच संपला होता. त्यांच्या बायकोने, पारूकाकूंनी, डबा घेतला आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. दामूकाकांनी दोन्ही तळवे उताणे करून मांडीवर ठेवले होते आणि ते त्यांच्याकडे बघत होते. परक्याची वस्तू बघावी तसं. मी जवळ बसले तर पायाबद्दल एक शब्द नाही. विचारलं काय, तर, "ताई, माझी गाठ सुटली का गं?"

मी मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"मला वाटत व्हतं दोर तुटला आसंल," ते म्हणाले. "पण यशवंता म्हणतो गाठ सुटली. त्येनं डोळ्यानं बघितलं. तिघंबी म्हणत्यात. मला तं काय आठवत नाय. इतक्या वरसात एकदाबी सुटली नाय. आता सुटली आसंल तं..." आणि पुन्हा तळव्यांकडे बघायला लागले. पाय गेला ते त्यांनी सोसलं होतं. हात गेले असं त्यांना वाटत होतं, ते त्यांना सोसत नव्हतं. आणि हे आम्ही केलं होतं, आम्ही, त्यांच्या खाटेशी येऊन, फळं देऊन, हळहळ करून.

मी पिशवी त्यांच्या खाटेवर उलटी केली. तोवर मीही आत बघितलं नव्हतं. थोरल्याचे दोन तुकडे होते. त्या दिवशी घाईत यशवंताने कपाटावरचा दोर कोयत्याने छाटून काढला होता, त्यामुळे एका तुकड्याला एका बाजूला कोयत्याचा साफ वार, दुसऱ्या बाजूला काळा, भुसभुशीत, तुटलेला शेंडा, त्यावर माझ्या हातचा शेंदूर. आणि मधोमध, घट्ट आवळलेली, जशीच्या तशी, दामूकाकांची गाठ.

त्यांनी ती हातात घेतली. डोळे मिटून बोटांनी चाचपली, एकेक वेढा मोजल्यासारखा. मग म्हणाले, "नाय सुटली." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते रडले, हुंदके देऊन, शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली इतकं. मी त्यांच्या हातून ती गाठ मागून घेतली आणि म्हणाले, "परत आणून देते." गंगेवर मी गेलेच नाही. बस पकडून सरळ सातपूरला आले.

कामगार खात्याचे साहेब अण्णांच्या टेबलासमोर बसून लिहून घेत होते. बारीक अंगाचे, चष्म्याचे, कंटाळलेले गृहस्थ. टेबलावर पुराव्यासाठी नायलॉनचा नवा कोरा दोर ठेवला होता. अण्णा सांगत होते, "आमचा सगळ्यात जुना माणूस हो, पण वय झालं की गाठ..." मी पिशवीतून तो तुकडा काढला आणि त्या कागदावर ठेवला. कागदावर काळा भुसा पडला. वास खोलीभर झाला.

मी काही बोलायच्या आत अण्णा उठून ओरडले. माझा राग त्यांच्याकडूनच आलेला आहे, आम्हा दोघांनाही तोंड आवरत नाही. "अगं, हा गंगेत सोडायला सांगितला होता ना तुला!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "गंगेत कशाला सोडायचा होता, शेठ?"

अण्णा एकदम बसले. "पूजेतला आहे तो," ते म्हणाले.

"पूजेतला होता तर कपाटाला कशाला बांधला?"

साहेबांनी दोन्ही हातांनी गाठ ओढून बघितली, एकदा, दोनदा. मग मला विचारलं, "कुणी मारलीय ही?" मी म्हणाले, "दामूकाकांनी." आणि मग मी सगळं सांगितलं, दूध, तेल, बंद पेटी, माझं बोट, माझा शेंदूर, खाली उभं राहून झेलणं, सगळं, ओरडून ओरडून, खालची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली तोपर्यंत. यशवंता दारात होता. त्याच्याकडे बघून मी म्हणाले, "आता सांग, गाठ सुटली म्हणून." तो म्हणाला, "नाय ताई. दोरच तुटला." इतकं सोपं होतं ते.

यातून सगळं नीट झालं असं कुणी समजू नये. कागद फिरले, दंड झाला, दामूकाकांना जे कायद्याने मिळायचं ते रखडत मिळालं. पाय कुठल्या कागदाने उगवत नाही. अण्णा माझ्याशी पुढची दोन वर्षं बोलले नाहीत, आणि बोलायला लागले तेव्हा जणू काही झालंच नव्हतं असं बोलले. गावात ते देवमाणूसच राहिले. त्यांच्यानंतर गुदाम मी चालवलं, आणि पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. वजनाखाली जो उभा राहील त्याला त्याच दिवशी घरी पाठवीन, सामान आपटलं तर आपटू दे. आणि खंडेनवमीला ट्रकला घाला, ढकलगाडीला घाला, वाटेल त्याला माळा घाला, पण दोराला पाण्याचा थेंब लावला तर माझ्याशी गाठ आहे. माणसं मागे मला काय म्हणायची ते मला ठाऊक आहे. देवमाणूस तर नक्कीच म्हणत नव्हती.

चौकशी संपल्यावर साहेबांनी तो तुकडा परत दिला आणि मी कबूल केल्याप्रमाणे तो दामूकाकांना पोचवला. त्यानंतर वर्षभराने, भाताची काढणी चालू असताना, मी त्यांच्या गावी गेले. ते ओट्यावर बसून, कुबडी शेजारी टेकवून, पेंढ्याच्या पेंड्या बांधत होते. पारूकाकूंनी गरम भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं. जेवून हात धुवायला उठले तेव्हा आत माझी नजर देव्हाऱ्याकडे गेली. टाकांच्या शेजारी, लाल कापडावर, ती गाठ ठेवलेली होती.

माझं डोकंच फिरलं. हात ओलेच होते, तशीच ओट्यावर आले आणि त्यांच्या घरात, त्यांचं जेवून, मी त्यांच्यावर ओरडले. "काका, एवढं होऊन पुन्हा तेच? पुन्हा देव्हाऱ्यात? काढा आधी ती तिथून!"

दामूकाकांनी पेंडी आवळली, अंगठ्याने पीळ दाबला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"दूध नाय घालीत ताई," ते म्हणाले. "कोरडी ठेवतो."